ठमाबायचे प्रश्न

१९८९ सालच्या एप्रिलमधला तिसरा सोमवार. चिखलाने भरलेलं एक घमेलं, वजन अठरा किलो दोनशे ग्रॅम. वजन करताना हजर: मी, आमचे सुपरवायझर, टोळीची मुकादम ठमाबाय आणि तिची तीस माणसं.

हे वजन करायची कोणाला गरज नव्हती. खाडीच्या बांधाचं काम वजनावर नाही, घनफुटावर मोजतात. माती जिथून काढली तो खड्डा मोजायचा, शंभर घनफुटांचा एक ब्रास धरायचा, टोळीला ब्रासप्रमाणे पैसे द्यायचे. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. पेणच्या एका ठेकेदाराकडे कारकून म्हणून लागून सात महिने झाले होते, आणि रोह्याहून रोज एसटीने येऊन-जाऊन होतो. कागदावर रोज ब्रास लिहायचो, पण एक ब्रास म्हणजे माणसाच्या डोक्यावर नक्की किती, ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेली संख्या लिहायला माझा हात अडखळतो. म्हणून पेणच्या बाजारातून एक ताणकाटा उसना आणला होता.

हिशेब असा निघाला: एका ब्रासचा ओला चिखल पावणेपाच टनांच्या आसपास, म्हणजे दोनशे साठ घमेली. मी तो सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. माणसं ऐकून घेत होती. ठमाबाय चुंबळ सारखी करत होती.

"झाला?" तिने विचारलं. "घमेल्याचा वजन कलला. आता घमेला उतरवल्यावर मानूस किती उरतो तं मोज."

सगळे हसले. मीही हसलो, पण मला ते लागलं. कारण ती थट्टा नव्हती, हे मला तेव्हाही थोडंसं कळलं होतं.

वडखळच्या फाट्यावरून खाडीकडे उतरलं की तिचं गाव. तिथली भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. समुद्र बाहेर ठेवलाय तो चिखलाच्या बांधाने. बांधाला खेकडे भोकं पाडतात, लाटा खातात, आणि एखाद्या वर्षी तो फुटतो. फुटलेल्या जागेला खांड म्हणतात. खांडीतून खारं पाणी शेतात शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं त्या जमिनीत भात होत नाही. म्हणून कापणी झाली की पावसाळ्यापर्यंत बांधावर चिखल चढवायचं काम चालतं. सहा माणसं खणतात, पाच घमेली भरतात, वीस डोक्यावरून वाहतात. ठमाबाय मुकादम होती, पण वाहणाऱ्या विसांत तीही असायची.

ती जेमतेम पावणेपाच फूट उंच होती. एकदा तिने काट्याला लोंबकळून स्वतःचं वजन करून घेतलं होतं: एकेचाळीस किलो. वय तिला ठाऊक नव्हतं, मी पंचेचाळीस धरलं होतं. अठरा किलो डोक्यावर घेऊन ती चाले तेव्हा मानेपासून कमरेपर्यंत काही हलत नसे, फक्त पाय. नव्या पोरींना ती शिकवायची: "वजा मानेवर नसतं गो, टाचेवर असतं. टाच आधी टेकव, मंग मान आपोआप गप राहील." मी घरी जाऊन रिकाम्या खोलीत डोक्यावर पाण्याची कळशी ठेवून करून पाहिलं. टाच आधी टेकवली तर पाणी सांडत नाही. पाच वेळा केलं, एकदाच सांडलं.

पण तिची मुख्य खोड वेगळी होती. ती सतत बोलायची. नुसतं बोलायची नाही, प्रश्न विचारायची. बांधावर एका बाजूने भरलेली माणसं जात आणि दुसऱ्या बाजूने रिकामी परत येत. ती रिकामी परतताना समोरून येणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी विचारायची. "काय रं, काल तुज्या घरी भांडी का वाजत होती, सून रागावली का मांजर आली?" "तुज्या मामाचा बैल विकला त्याचा पुढं काय झाला?" "हलदीला कोन कोन आलता, सांग बगू."

मला हे पटत नव्हतं. एका सकाळी नऊ ते अकरा मी वहीत खुणा करत बसलो. एकशे चौदा प्रश्न. एकाला पाच सेकंद धरले तरी साडेनऊ मिनिटं. मी तो हिशेब सुपरवायझरना दाखवला. ते म्हणाले, "बाईमाणूस आहे, बोलणारच. तू खड्डे मोज."

मग मी खड्डे मोजत राहिलो, पण कान तिकडे होता. आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. एका बाईला तिने विचारलं, "काल बाजारात काय काय घेतलास गो?" ती बाई म्हणाली, "मच्छी."

"बस," ठमाबाय म्हणाली.

त्या बाईने घमेलं रिकामं केलं, बांधाच्या कडेने वीस-पंचवीस पावलं उगाच चालली आणि मग बसली. तिच्यामागच्या माणसाला हाच प्रश्न. तो म्हणाला, "मी कशाला बाजारात जातो, बायको गेलती, तिला इचार, माज्या ताटात तं वांगीच वारली." त्याला तिने काही म्हटलं नाही. तो चालत राहिला.

जो पुरं वाक्य बोलेल त्याने वाहायचं. जो एका शब्दात उत्तर देईल त्याने बसायचं. उत्तर काय आहे याच्याशी तिचा संबंध नव्हता. बसलेल्याला थोड्या वेळाने ती पुन्हा काहीतरी विचारी, आणि तो लांबलचक बोलू लागला की म्हणे, "आला दम. ऊठ."

मी वहीतली ती साडेनऊ मिनिटांची ओळ खोडली. दुसऱ्या दिवशी तिला विचारलं, हे कुणी शिकवलं.

"शिकवायला काय हाय? वजा कुनीपन उचलतं. तं खाली टाकल्यावर दम किती येलात परत येतो, तं बगायचा. लवकर आला, मानूस ताजा हाय. उशिरा आला, मानूस आतून खाली झाला. त्याला तं कलत नाय, दुसऱ्यालाच कलतं."

"पण एखादा दमल्यावर आपण होऊन बसेलच की."

"दमल्यावर बसला तं अर्धा दिवस गेला, भाऊ. दमायच्या आधी बसला तं चार मिनटा."

चार मिनिटं हा तिचा अंदाज. मी घड्याळ लावून पाहिलं. सरासरी चार मिनिटंच निघाली, वीस मिनिटं चालण्यामागे.

तिचे आणखी नियम होते आणि ती ते कारण न सांगता पाळून घ्यायची. नवा माणूस असेल तर पहिले आठ दिवस अर्धं घमेलं, मग तो कितीही धट्टाकट्टा असो. ओझं टाकल्यावर जागीच उभं राहायचं नाही, थोडं चालायचं. सकाळी दहाला पेज, पेजेत चिमूटभर नाही, चांगलं मूठभर मीठ. आणि कुणाचा घाम थांबला की काम थांबलंच. "घाम येतो तवर मानूस हाय," ती म्हणायची.

आणि एवढं असून ती स्वतः बसत नसे. पेज उभ्याने पिई. पैसे वाटताना उभी. एसटीत जागा असली तरी दांडा धरून उभी. एकदा मी म्हटलं, सगळ्यांना बसवता, तुम्ही कधी बसणार. ती पदराने मान पुसत इकडेतिकडे पाहत राहिली. तिच्या अंगाला स्थिर उभं राहणंही जमत नसे, या पायावरून त्या पायावर चालू असे. मग म्हणाली, "माझी आय एकदा बसली. पाय दुखतात बोलली नि बसली. ती उठलीच नाय. तीन महिने." एवढं बोलून घमेलं उचलून गेली. जाताना दोघांना प्रश्न विचारले.

गजा तिच्या भावाचा मुलगा. बावीस वर्षांचा, गावाच्या कबड्डी संघातला पहिल्या नंबरचा चढाईपटू. एका दमात "कबड्डी कबड्डी" म्हणत तो समोरच्या अंगणात किती वेळ राही, याच्या गोष्टी पार गडब गावापर्यंत सांगत. मे महिन्यात खेळ बंद झाले म्हणून तो टोळीत आला. पहिल्याच दिवशी अर्धं घमेलं दिल्यावर त्याने सगळ्यांदेखत विचारलं, "आत्या, हा काय बारशाचा हाय?"

"तुजाच हाय. आठ दिवस यवराच."

"माजा दम सगल्या तालुक्याला ठावा हाय."

"तुजा दम धरायचा हाय रं, आमचा सोरायचा. दोन येगले."

बायका हसल्या. गजाने अर्धं घमेलं घेतलं, पण प्रश्नांना मुद्दाम उत्तर दिलं नाही. तोंड मिटून चालत राहिला. तिसऱ्या फेरीला ठमाबाय त्याच्यासमोर आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "बोलशील तं जाशील." मग त्याने कबड्डीच्या सुरात आपलं, बापाचं, गावाचं नाव एका दमात म्हणून दाखवलं आणि सगळी टोळी तोंडाला पदर लावून थांबली. तीही हसली. तिचे समोरचे दोन दात नव्हते.

त्याचे आठ दिवस पुरे व्हायच्या आत, पाचव्या दिवशी, बांध फुटला.

अमावास्येला चार दिवस होते. सकाळच्या भरतीने बांधाला बारा फुटांची खांड पाडली. पाणी अकराच्या सुमारास उतरून जागा उघडी पडली आणि संध्याकाळी साडेसहाला पुन्हा चढणार होतं. पुढे अमावास्येचं उधाण. जे काही करायचं ते त्या साडेसात तासांत.

मी खांड मोजली. बारा फूट लांब, सरासरी दहा फूट रुंद, सहा फूट उंच. सातशे वीस घनफूट, म्हणजे एक हजार आठशे बहात्तर घमेली. वाहणारे वीस, एका फेरीला चार मिनिटं, तासाला तीनशे घमेली. मधे बसणं धरलं तर तासाला अडीचशे. बसून काम केलं तर बरोबर साडेसहा. न बसता केलं तर सव्वापाच.

हा हिशेब मी केला. सुपरवायझरनी मागितला, पण केला मी, आणि कागदही मीच त्यांच्या हातात दिला. तो कागद अजून माझ्याकडे आहे. त्यात बेरजेची किंवा गुणाकाराची चूक नाही.

सुपरवायझर ठमाबायला म्हणाले, "आज बसणं नाही आणि बडबड नाही. सव्वापाचला बंद करायचं, वर सव्वा तास हाताशी राहील."

ती माझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, "ठमाबाय, बसलात तर साडेसहा होतात. एक मिनिट इकडचं तिकडे झालं तर पाणी येईल."

"तुजी घमेली बोलतात का रं, भाऊ?" तिने विचारलं.

सुपरवायझर म्हणाले, "आता वेळ घालवू नका." आणि गावची माणसं बांधावर उभी होती, ज्यांची शेतं आत होती ती सगळी, आणि ते लोकही म्हणाले, "ठमे, आज एक दिस नको बसू." ठमाबायचंही अर्धा एकर शेत आत होतं. ती घमेलं उचलून चालू लागली.

त्या दिवशी बांधावर कोणी बोललं नाही. मी उतरलेल्या घमेल्यांच्या खुणा करत होतो. पहिल्या तासाला तीनशे आठ. मी सुपरवायझरना सांगितलं, आपण पुढे आहोत. दुसऱ्या तासाला दोनशे एक्क्याण्णव. तिसऱ्या तासाला दोनशे चोवीस. चौथ्या तासाला एकशे सत्तेचाळीस. माणसं तीच, घमेली तीच, अंतर तेच. मी खुणा दोनदा मोजल्या, कारण मला वाटलं मीच चुकतोय. वर मेचं ऊन, खाली तापलेला चिखल, वारा नाही.

गजा पूर्ण घमेलं घेऊन सगळ्यांच्या पुढे होता. त्या दिवशी अर्ध्याचा नियमही कोणी पाळला नव्हता. तीन वाजून दहा मिनिटांनी ठमाबाय रिकामी परतताना त्याच्यासमोर थांबली आणि सकाळपासूनचा पहिला प्रश्न विचारला. "गजा, कुनाच्या शेतात चाललास रं?"

गजा म्हणाला, "कबड्डी."

तिने त्याच्या कपाळाला हात लावला. कोरडं होतं. तिने त्याच्या डोक्यावरचं घमेलं स्वतः ढकलून खाली पाडलं, आणि तो त्याच्यामागोमाग पडला.

नंतर जे झालं त्यात मला सांगण्यासारखं थोडं आहे. तिने त्याला उघडीच्या सावलीला न्यायला लावलं. उघडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार. खाडीचं पाणी हंड्यांनी त्याच्या अंगावर ओतत राहिली, चार बायकांना पदराने वारा घालायला लावला. तो असंबद्ध बडबडत होता, ओकला, पाय ताठ झाले. मिठाच्या ट्रकमधून त्याला पेणला नेलं. दोन दिवस सलाइनवर होता. लघवी काळ्या चहासारखी होत होती. डॉक्टर म्हणाले, शरीर आतून तापलं आणि स्नायू विरघळले, त्याचा भार मूत्रपिंडावर आला, अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. तो वाचला. पण कबड्डीला पुढचं सगळं वर्ष मुकला.

इकडे काम पंचवीस मिनिटं थांबलं. मग ठमाबायने सुपरवायझरांना न विचारता वाहणाऱ्यांतली सहा माणसं आळीपाळीने बसवली, तेरा चालवली, आणि पुन्हा प्रश्न सुरू केले. साडेसहापर्यंत आणखी पाचशे त्रेसष्ट घमेली पडली. तीनशे एकोणचाळीस कमी पडली. बांध एक फूट एक इंच खाली राहिला, आणि पाणी तेवढ्यावरून आत गेलं. चौदा एकर खारं झालं. खांड दुसऱ्या दिवशी बसून, बोलून, वेळेत बुजली.

मी तिची क्षमा मागायला गेलो. ती खांडीच्या नव्या चिखलावर पाय आपटून तो दाबत होती. मी काय बोललो ते आठवत नाही. तिने जे म्हटलं ते आठवतं.

"तुजा हिशेब बरोबर व्हता, भाऊ. मानसा चुकली."

आणि पुढे चिखल दाबत राहिली. मी पुढची तीस वर्षं त्या वाक्याकडे वेगवेगळ्या बाजूंनी पाहिलं आहे. ती टोचून बोलली की समजुतीने, हे मला अजून ठरवता येत नाही.

त्यानंतर दहा हंगाम मी तिच्या टोळीचं काम लिहिलं. गजाचं लग्न झालं, तो डोलवीच्या कंपनीत ठेक्यावर लागला, शिफ्ट नसेल तेव्हा टोळीत येई. सुपरवायझर बदलले. त्या टोळीत बसणं कोणी पुन्हा बंद केलं नाही. माझी एक खासगी सवय झाली होती: वहीच्या समासात तिचा दिवसाचा एखादा प्रश्न लिहून ठेवायचा. करमणूक म्हणून. १९९९ च्या हंगामात मी जुन्या वह्या चाळत होतो. १९८९ चा प्रश्न समासातून खाली उतरून दोन ओळी गेला होता. १९९४ चा एका ओळीत मावला होता. आणि कालचा होता, "जेवलास?"

मी गेल्या पंधरा दिवसांचे पाहिले. "बरा?" "आली?" "पोर?"

उत्तरं तशीच लांब होती. प्रश्न आखडले होते. टोळीत एकतीस माणसं आणि एकाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं, कारण तिला विचारणारं कोणी नव्हतं.

दोन रात्री मला नीट झोप लागली नाही. मी घरी पत्नीला सांगितलं. ती म्हणाली, "सांगून टाका." ते सोपं नव्हतं. तिला बसायला सांगणं म्हणजे काय सांगणं, ते मला माहीत होतं. आणि माझ्या एका हिशेबाने तिचं शेत गेलं होतं, आता दुसरा हिशेब घेऊन कुठल्या तोंडाने जायचं? पण जायचं नाही असं ठरवलं, तर समासातला तो "जेवलास?" डोळ्यांपुढून हलेना.

तिसऱ्या दिवशी मी बांधावर तिच्या वाटेत उभा राहिलो. तिच्या डोक्यावर भरलेलं घमेलं होतं. मी विचारलं, "ठमाबाय, तुमच्या माहेरची उघडी कुणी बांधली, ती गोष्ट सांगत होता ना तुम्ही, ती काय?"

ती थांबली नाही. मला ओलांडून जाताना तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं. तोंड उघडलं. ओठांचा रंग जांभळट होता.

"आजानं," ती म्हणाली.

ती तशीच पुढे गेली, घमेलं रिकामं केलं, वीस-पंचवीस पावलं चालली. मग घमेलं पालथं घातलं आणि त्याच्यावर बसली.

अकरा हंगामांत ती बसलेली मी पाहिली नव्हती. टोळीनेही पाहिली नव्हती. भरणाऱ्यांचे हात थांबले. गजा त्या दिवशी होता, तो धावत आला. "आत्या, काय झाला?"

मी घड्याळ पाहत होतो. अकरा मिनिटांनी ती म्हणाली, "काय झाला नाय. कारकुनानं परीक्षा घेतली, मी नापास. तुमी काय बगता, मी काय नवरी हाय? कामाला लागा."

पेणच्या डॉक्टरने सांगितलं, हृदयाची झडप लहानपणच्या कुठल्यातरी तापात खराब झाली होती. चाळीस वर्षं त्या हृदयाने जास्त काम करून भरून काढलं, आता ते मोठं आणि ढिलं झालंय. गोळ्या घ्यायच्या, मीठ कमी, ओझं बंद. गजाने मला हे सांगितलं आणि म्हणाला, "भाऊ, तुमी इचारला नसता तं ती बांधावरच गेली असती." आणखी एखाद-दोन वर्षं आधी वह्या चाळल्या असत्या तर, हेच माझ्या मनात होतं.

त्यानंतर नऊ दिवस ती बांधावर येऊन नुसती उभी राहिली. टोळीने तिचा वाटा काढला, तो तिने परत केला. मी म्हटलं, पाणी द्यायला एक माणूस लागतोच, तुमचं नाव लिहितो. म्हणाली, "हंडा उचलू नको बोलले ना? मंग पानी कशात देऊ, नजरेत?" दुरून प्रश्न विचारून पाहिले, पण आवाज पोचत नव्हता आणि चालणाऱ्याचं तोंड दिसत नव्हतं. तिचे पाय सुजले होते, तरी या पायावरून त्या पायावर चालूच. "बसली की अंगात मुंग्या फिरतात," ती म्हणाली, "नि उभी राहिली की पानी भरतं. सांग कुठं जाऊ?" दहाव्या दिवशी ती आली नाही. रोह्याला लेकीकडे गेली होती.

पुढे मीही पेणचं काम सोडलं आणि रोह्यातच एका कारखान्याच्या भांडारात लागलो. तिची लेक भाजीबाजारात भेटे. एकदा तिने मला बाजूला घेतलं. "भाऊ, आयचा डोका फिरलाय का बगा. सकालची नदीकडं फिरायला जाते नि रस्त्यानं एकलीच बोलते. लोक हसतात. सोताच इचारते, सोताच सांगते."

"मधे थांबते का?"

"थांबते ना. कुनाच्या पन ओट्यावर बसते. मंग उठून परत बोलत जाते."

मी तिला सांगितलं, आई बोलते तोपर्यंत काळजी करू नकोस. तिला ते विचित्र वाटलं असावं. नीट समजावून सांगायला मला भाजीच्या पिशव्या खाली ठेवाव्या लागल्या.

मी तिला शेवटची पाहिली ती २००७ च्या मार्चमध्ये. रविवार होता. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, पायऱ्या चोपन्न, लिफ्ट नाही. सकाळी दहाच्या सुमारास खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने जिन्यात कोणीतरी बोलत असल्याचा. मी दार उघडून वाकून पाहिलं. ठमाबाय पहिल्या मजल्याच्या वळणावर, शेजारच्या वहिनींनी बाहेर आणून दिलेल्या खुर्चीवर बसली होती आणि त्यांना त्यांच्या सुनेबद्दल विचारत होती. मी खाली जाऊ लागलो तर तिने हात केला, येऊ नको. कडेवर एक पिशवी होती. तीही देईना.

दुसऱ्या मजल्यावर तिला चहा मिळाला. तिथे मास्तर राहतात, ते एरवी कोणाशी बोलत नाहीत. त्यांनी तिला आपल्या गुडघ्यांची सगळी हकीकत सांगितली. ती आमच्या दारात आली तेव्हा पस्तीस मिनिटं झाली होती. आली ती बोलतच.

"तुज्या जिन्यात मानसा बरी हायेत रं, भाऊ, पन त्या मास्तराला चालायला सांग, तो बसून बसून गंजलाय, नि ह्या वहिनीची सून काय वाईट नाय, हिलाच उठल्या उठल्या भांडायला लागतं."

पिशवीत कडवे वाल होते. पत्नीने नंतर डब्यात भरताना मी वजन केलं, अडीच किलो. ती पाऊण तास बसली. जेव म्हटलं तर नको म्हणाली. बोलताना तिचा एक पाय सारखा हलत होता, पण ती खुर्चीतून उठली नाही. चौदा एकरांचा विषय मी काढला नाही, तिनेही काढला नाही. तिने मला विचारलं, तुजी झोप कशी हाय. मी म्हटलं, बरी आहे. तिने माझ्याकडे जरा पाहिलं आणि म्हणाली, "यवराच?"

उतरायला तिला वीस मिनिटं लागली. मी मागे एक पायरी सोडून चालत होतो. खाली रिक्षावाला उभाच होता. सकाळपासून मीटर नव्हतं, गिऱ्हाईक नव्हतं, तो पेपर वाचून झोपून उठला होता. मी म्हटलं, तुम्ही गेला का नाहीत, दुसरी रिक्षा मिळाली असती. तो म्हणाला, "आजीने सांगितलं, वर जायला येल लागंल, खाली यायला पन लागंल, थांबशील तं सांग, नायतर आताच जा. मी बोललो थांबतो."

ती आत बसली. रिक्षा वळली तेव्हा ती पुढे वाकून त्याला काहीतरी विचारत होती.

भाडं तिला देऊ दिलं नाही, मी आधीच दिलं होतं. जाण्या-येण्याचे चाळीस, थांबण्याचे साठ. एकूण शंभर रुपये, रिक्षावाल्याला.